सल्ला : गणिताच्या टीचरला सातवीचं कॉम्प्युटर शिकवायचंय

प्रिय टीचर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका हायस्कूलमध्ये गणित शिकवता, कॉम्प्युटरची टीचर सोडून गेली म्हणून यंदा सहावी ते आठवीचा आयटी तुमच्याकडे आलाय, लॅबमध्ये चालू मशीन बारा आणि सातवीत मुलं अडतीस, पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही, हेडमास्तरना वह्या पूर्ण झालेल्या हव्यात, पालकांना कोडिंग हवंय, आणि पहिल्याच आठवड्यात एका मुलाने सगळ्यांसमोर विचारलं "टीचर, तुमकां हें येना?" आणि वर्ग हसला. शेवटी तुम्ही विचारलंय की मराठी टायपिंग कुठल्या कीबोर्डवर शिकवायचं. ते शेवटीच सांगते, कारण ते सोपं आहे.

आधी त्या मुलाचं बघू. मोबाईलवर सातवीतली मुलं फास्ट असतात यात काही शंका नाही, व्हिडिओ कापतात, गाणं चिकटवतात, फिल्टर लावतात. पण त्याच मुलाला मशीनसमोर बसवा, एक चित्र काढून सेव्ह करायला सांगा, फाईल बंद करायला लावा आणि मग म्हणा, आता तीच फाईल शोधून दाखव. बहुतेक जण तिथे अडकतात. मोबाईलमध्ये फोटो गॅलरीत आपोआप दिसतो, त्यामुळे फाईल कुठेतरी ठेवलेली असते, त्या जागेला पत्ता असतो, ड्राईव्हच्या आत फोल्डर आणि फोल्डरच्या आत फोल्डर असतं, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नाही. लॅबच्या मशीनवर 'अनटायटल्ड', 'अनटायटल्ड १' अशा फायलींचा खच पडलेला असेल बघा. पहिले दोन-तीन पीरियड त्यावरच घालवा, प्रत्येकाने स्वतःच्या नावाचं फोल्डर करायचं, त्यात 'जून', 'जुलै' अशी फोल्डरं, फाईलचं नाव असं द्यायचं की दुसऱ्याला न उघडता कळलं पाहिजे आत काय आहे. आणि ज्याने तुम्हाला विचारलं त्याला रागावू नका, व्हिडिओ कापायला त्यालाच पुढे बोलवा आणि प्रत्येक बटण दाबायच्या आधी त्याला विचारा, "आता काय होणार?"

हा प्रश्नच मला तुम्हाला द्यायचाय. सहावी-सातवी-आठवीचा आयटी माझ्या मते याच एका सवयीवर उभा राहतो, की मुलाने क्लिक करायच्या आधी सांगायचं काय होणार, मग क्लिक करायचं, आणि जे झालं ते वेगळं निघालं तर का वेगळं निघालं ते शोधायचं. सॉफ्टवेअर बदलत राहणार, आज जे मेनू पाठ करून घ्याल ते ही मुलं कॉलेजात जाईपर्यंत राहतील याची काही गॅरंटी नाही, पण ही सवय राहते. आणि हे शिकवायला तुम्हाला सगळी उत्तरं यायला लागत नाहीत, म्हणून तर गणिताच्या टीचरकडे हा विषय आला याचं मला बरंच वाटलं.

कोडिंग पालकांना हवंय ते ठीक आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगच्या ॲक्टिव्हिटी घ्याव्यात असं म्हटलंय आणि आपल्या गोव्यात तर याच वर्गांसाठी कोडिंग-रोबोटिक्सची केअर्स योजना आहे, तेव्हा हेडमास्तरांकडून आधी माहिती काढा की तुमच्या शाळेत त्यातलं काय काय आलंय आणि टीचरसाठी ट्रेनिंग असेल तर तुमचं नाव जाऊ द्या. कपाटात एखादं किट बंद पडून असेल तर तेही बाहेर काढा.

सुरुवात स्क्रॅचने करा, म्हणजे स्क्रीनवर ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या टीमने केलेलं, २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं, फुकट आहे आणि नेट नसलं तरी चालतं. नवं व्हर्जन डाउनलोड करायचं तर विंडोज १० लागेल, मशीन फारच जुनी असतील तर जुनं १.४ व्हर्जन टाका, भूमितीला ते पुरतं. मुलांची अकाउंटं उघडायच्या भानगडीत पडू नका, अकाउंटशिवाय सगळं करता येतं.

आता एक पीरियड कसा घ्यायचा ते जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या पत्रात "नक्की फळ्यावर काय लिहू" असा प्रश्न आहे. नव्या व्हर्जनमध्ये खाली डाव्या कोपऱ्यातून पेनचं एक्स्टेंशन घ्यायचं, 'पेन डाउन' करायचं, स्क्रॅच उघडलं की जे मांजर समोर येतं त्याचा साईज ३० करायचा म्हणजे त्याने काढलेली रेघ दिसेल, आणि फळ्यावर लिहायचं: रिपीट ४, आत मूव्ह १००, टर्न ९०. कोणी माऊसला हात लावायचा नाही. एका मुलीला पुढे बोलवा, ती मांजर. वर्ग फळ्यावरचं वाचेल तशी ती चालेल, चार पावलं पुढे, काटकोनात वळ, परत चार पावलं, चार फेऱ्यांनंतर ती जिथून निघाली तिथेच आणि तोंडही त्याच दिशेला. मग वहीत प्रत्येकाने चित्र काढायचं की स्क्रीनवर काय उमटणार, आणि मगच चालवायचं. चौकोन इतका पटकन उमटतो की मुलांना फेऱ्या दिसतच नाहीत, म्हणून लूपच्या, म्हणजे त्या रिपीटच्या, आत 'वेट १ सेकंद' घाला, मग मांजर थांबत थांबत जातं आणि मुलं मोठ्याने मोजायला लागतात.

त्यानंतर म्हणा, आता त्रिकोण. सातवीच्या मुलांना समभुज त्रिकोणाचा कोन ६० माहीत असतो म्हणून जवळपास सगळा वर्ग रिपीट ३, टर्न ६० लिहितो, आणि वहीत छान त्रिकोण काढतो. चालवलं की तीन रेघा येतात पण त्रिकोण होत नाही, पालथ्या कटोरीसारखं काहीतरी अर्धवट येतं. "टीचर, माजर वाकडें वता!" हे ऐकलंत की समजा पीरियड रंगात आला. लगेच उत्तर देऊ नका. त्यांना म्हणा तेच बटण परत एकदा दाबा, आणि तो अर्धा आकार पूर्ण होऊन षटकोन होतो, वर्गात एकदम गलका होतो. मग त्या मांजर झालेल्या मुलीला परत उभी करा, जमिनीवर खडूने त्रिकोण काढा आणि त्यावरून चालवा. कोपऱ्यावर आल्यावर तिचं तोंड सरळ पुढे असतं आणि तिथून तिला किती वळावं लागतं ते सगळ्यांना दिसतं, आतला कोन ६० आहे पण ती वळते १२०. पूर्ण फेरी मारून आली तर एकूण वळण ३६०, तीन कोपरे म्हणून भागिले तीन. चौकोनाचं ३६० भागिले चार. षटकोनाचं ३६० भागिले सहा म्हणजे ६०, म्हणून तर मगाशी षटकोन झाला! हे कोणीतरी मूल स्वतःहून बोलतं, तेवढी वाट बघायची तयारी मात्र तुमची हवी. बाहेरचा कोन तुम्ही गणितात शिकवताच, इथे तो पायाखाली येतो. ज्यांचं लवकर होतं आणि "टीचर, म्हजें जालें" म्हणून ओरडत बसतात त्यांना पाच टोकांचा तारा द्या, रिपीट ५ आहे पण वळायचं किती ते सांगू नका. ७२ टाकून पंचकोन येणार, मग डोकं खाजवणार, ताऱ्यात मांजर स्वतःभोवती दोन पूर्ण फेऱ्या वळतं हे ज्याच्या लक्षात येईल तो ७२० भागिले ५ करून १४४ वर पोचेल.

बारा मशीन आणि अडतीस मुलं याला जादूचा उपाय नाही. मी असं करायचे की एका मशीनला दोन, म्हणजे चोवीस मशीनवर आणि उरलेली चौदा मधल्या टेबलावर कागदावर, पुढच्या पीरियडला अदलाबदल. जोडीतल्या एकाने फक्त कीबोर्ड-माऊस हातात घ्यायचा आणि दुसऱ्याने फक्त तोंडाने सांगायचं, काय दाबायचं ते, बोट स्क्रीनला लावायचं नाही. दर सात-आठ मिनिटांनी टाळी वाजवा की अदलाबदल. हे पाळलं नाही तर प्रत्येक मशीनवर एकच मूल सगळं करतं आणि दुसरं नुसतं बघतं, आणि माझ्या अनुभवात ते बघणारं मूल बऱ्याचदा मुलगी असतं, किंवा ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही ते. याच्यावर कडक राहा, बाकी शिस्तीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. आणि मधल्या टेबलावरची मुलं रिकामी बसवायची नाहीत, त्यांना दुसऱ्या जोडीचा छापलेला प्रोग्राम द्या आणि काय उमटणार ते काढायला लावा, किंवा मुद्दाम एक चूक घालून द्या आणि शोधायला लावा.

लाईट गेली तर पीरियड गेला असं समजू नका. पुठ्ठ्याची पाच मोठी कार्डं करून कपाटात ठेवा, एकेका कार्डावर १६, ८, ४, २, १ एवढे ठिपके, मागची बाजू कोरी. पाच मुलं ओळीने उभी, वर्गातलं कोणीतरी आपल्या वाढदिवसाची तारीख सांगेल, आणि त्या पाचांनी कार्ड पालथं-सुलटं करून ती दाखवायची. १९ म्हणजे १६, २ आणि १ सुलटे, बाकीचे दोन पालथे, सुलट्याला १ आणि पालथ्याला ० लिहिलं की १००११. महिन्यात तारखा एकतीस आणि पाचही कार्डं सुलटी केली की बरोबर एकतीसच होतात, हे मुलांना फार आवडतं. मग विचारा सहावं मूल आणलं तर किती पर्यंत जाता येईल. पोरं छत्तीस म्हणतील, चाळीस म्हणतील, तुम्ही फक्त वहीत लिहून घ्या आणि सहाव्या कार्डावर किती ठिपके हवेत ते त्यांनाच काढू द्या. ३२ निघतं आणि बेरीज त्रेसष्टवर जाते. कॉम्प्युटरच्या आत फक्त चालू-बंद कसं काय पुरतं हे त्या दिवशी कळतं, आणि तेही मशीन बंद असताना.

स्प्रेडशीट शिकवताना पुस्तकातल्या दहा विद्यार्थ्यांचे मार्क टाईप करायला लावू नका प्लीज, त्या आकड्यांशी मुलांचं काही देणंघेणं नसतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बहुतेकांच्या घरी माटोळी असते, गणपतीच्या वर फळं-फुलं बांधलेली चौकट, तुमच्या सत्तरीत तर अजून रानात जाऊन सामान आणतात, तेव्हा माटोळीचा तक्ता करा. सुट्टीवरून येताना प्रत्येकाने लिहून आणायचं, काय काय बांधलं, किती, रानातून आणलं की कुळागरातून, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतून, की बाजारातून विकत, आणि कोणी आणलं. घरी चवथ नसेल त्या मुलाने शेजारच्या घराची किंवा बाजारात बसलेल्या विक्रेत्याकडची यादी करावी, कोणी बाहेर राहता कामा नये. सगळ्यांचं एकाच शीटमध्ये आणलं की खरी मजा सुरू होते. 'नारळ' किती घरात होता ते काऊंटइफ या फॉर्म्युल्याने मोजायला सांगा, आणि आधी अंदाज लिहायला सांगा. मुलं म्हणणार सगळ्यांकडे असतोच. उत्तर येतं पंधरा. असं कसं? मग शोधाशोध. कोणी कोंकणीत 'नाल्ल' लिहिलंय, कोणी 'नारळ ' असं मागे एक स्पेस सोडून लिहिलंय जी डोळ्यांना दिसत नाही पण मशीनला दिसते, कोणी नारळ आणि सुपारी एकाच खान्यात घातलेत. एका खान्यात एकच गोष्ट, एका गोष्टीला सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच नाव, 'किती'च्या खान्यात फक्त आकडा, 'दोन-तीन' असं नाही, हे नियम मुलंच भांडून ठरवतात. डेटा साफ करणं हे नोकरी करणाऱ्यांचंही रोजचं काम आहे आणि सातवीचं मूल ते नारळावरून शिकू शकतं. रानातल्या वस्तूंचा कॉलम फिल्टर करून बघा, त्यात अशी नावं येतील की वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती वस्तू ओळखलेलीही नसेल, मग सायन्सच्या टीचरला बोलवा, आजी-आजोबांना विचारायला पाठवा. ती यादी पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुलना करायला ठेवा.

नेटवरच्या सुरक्षेबद्दल पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिलीये, मला ती सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींची वयाची अट १३ आहे, सहावीतली मुलं अकरा-बाराची, आणि तरी वर्गातली कितीतरी तिथे आहेत हे तुम्हालाही माहितीये. त्यावरून भाषण दिलंत तर ती तुम्हाला काहीच सांगणार नाहीत, आणि उद्या कोणी त्रास दिला, फोटो मागितला, धमकी दिली तर पहिल्यांदा तुमच्याकडे आली पाहिजेत ना? म्हणून हेही त्याच पद्धतीने, आधी काय होणार ते विचारून. "तू फोटो टाकला, मैत्रिणीने स्क्रीनशॉट घेतला, तू डिलीट केला, आता फोटो कुठे कुठे आहे?" फळ्यावर बाण काढत जा. घरी बापाला फोन येतो की पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, काय होणार? पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले, हे सातवीच्या मुलाने घरी जाऊन सांगितलं तर अख्खं घर वाचतं. १९३० हा पैशांच्या सायबर फसवणुकीचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर, दोन्ही लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, आणि त्रास झाला तर मेसेज डिलीट न करता स्क्रीनशॉट ठेवून मोठ्या माणसाला दाखवायचा हेही तिथेच.

पासवर्ड तर तुमच्या हातचाच विषय. चार आकडी पिन किती होऊ शकतात? दहा हजार. आता जन्माची तारीख आणि महिना पिन म्हणून ठेवला तर किती? २९ फेब्रुवारी धरून फक्त ३६६. आणि इंग्रजीतली नुसती आठ लहान अक्षरं कशीही घेतली तर २६ चा आठवा घात, वीस हजार कोटींहून जास्त. मुलांना कॅल्क्युलेटरवर करू द्या, त्या दिवशी संध्याकाळी किती घरांतले पिन बदलतात बघा.

हेडमास्तर आणि वह्या. भांडू नका, त्यांनाही वर कोणाला तरी वही दाखवायची असते. वहीच्या पानावर तीन खाने पाडा, 'मला वाटतं काय होईल', 'काय झालं', 'का'. प्रत्येक पीरियडला एक पान आपोआप भरतं, आणि व्याख्यांनी भरलेल्या वहीपेक्षा हे पान तपासताना तुम्हाला कळतं कोण कुठे अडकलंय. पहिला खाना खोडून नंतर बरोबर लिहिणारी मुलं असतील, त्यांना सांगा चुकलेल्या अंदाजाचे मार्क कापत नाही, आणि खरंच कापू नका. हेडमास्तरना एकदा त्रिकोणाच्या पीरियडला मागच्या बाकावर बसायला बोलवा, माझ्या मते पुढचं बोलणं सोपं होईल. शिकवताना लूप, फाईल, कॉलम हे शब्द तसेच ठेवा, पेपरात तेच येणार, पण समजावणं मराठीत-कोंकणीत करा, प्राथमिक मराठीतून करून आलेलं पोर इंग्रजी वाक्याला घाबरून गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं त्याला कॉम्प्युटर कळत नाही.

चॅटजीपीटीकडून प्रोजेक्ट करून आणतात असं तुम्ही लिहिलंय. आणणारच. पकडत बसू नका, मार्कांची पद्धत बदला. प्रोजेक्ट आणला की मशीनवर बसवायचं आणि एक आकडा बदलायला सांगायचा, "हा १० काढून १०० केला तर काय होईल, आधी सांग." पाच मिनिटं पुरतात. ज्याने स्वतः केलंय किंवा दुसऱ्याकडून घेऊन का होईना समजून घेतलंय तो सांगतो, आणि ज्याला येत नाही त्याला आठवड्याने परत बोलवा. तोंडीला अर्धे मार्क ठेवता येतात का ते हेडमास्तरांशी बोलून घ्या.

आणि मराठी टायपिंग. सहावी-सातवीला फोनेटिक द्या, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून उच्चाराप्रमाणे मराठी उमटवायचं, विंडोज १० मध्ये सेटिंगमधून मराठी भाषा घेतली की फोनेटिक कीबोर्ड मिळतो, विकत काही घ्यावं लागत नाही, फक्त विंडोज अपडेट झालेलं हवं. इंग्रजी कीबोर्डवर बोटं बसत असतात तेव्हा दुसरी मांडणी डोक्यात भरली तर दोन्ही कच्चं राहतं. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कीबोर्डची वेगळी मांडणी, आठवीला दाखवा, ज्यांना पुढे सरकारी नोकरीत मराठी-कोंकणी टायपिंगची परीक्षा द्यायची असेल त्यांना उपयोग होतो, आणि एकदा बसलं की ते फोनेटिकपेक्षा फास्ट चालतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर मात्र काहीही टाईप करायला लावू नका, दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळी गिचमिड दिसते. लॅबमध्ये अजून तसले फॉन्ट असतील तर शाळेची जुनी पत्रकं छापायला एका मशीनवर राहू द्या, बाकीच्या अकरांवरून काढून टाका.